सोमवारचा बांगडा

चौक गावाच्या नाक्यावर, जुन्या हायवेच्या कडेला निवेदिताची स्कूटी पंक्चर झाली, तेव्हा तिच्या काखेत गुंडाळी केलेला एक मोठा तक्ता होता. जानेवारीचे दिवस होते. ढाब्यांच्या पत्र्यांवरून धुकं अजून उतरलं नव्हतं. गॅरेजवाल्याने चाक पाहिलं, "ट्यूबच गेली ताई, वेळ लागंल," असं सांगितलं आणि तो चहाला निघून गेला.

तक्ता दवाने भिजला तर नाही ना, म्हणून तिने तो भिंतीला धरून उलगडला. तक्त्यावर एका लहान मुलीचं डोकं होतं. डोक्यात गुलाबी मेंदू होता, आणि मेंदूत एक निळा मासा मजेत पोहत होता.

"मॅडम, हा मासा डोक्यात कसा गेला?"

तिने वळून पाहिलं. मागे एक छोटा टेंपो उभा होता. मागच्या बाजूने बर्फाचं पाणी ठिबकत होतं आणि खिडकीतून एक तरुण मान बाहेर काढून अगदी गंभीर चेहऱ्याने तक्ता वाचत होता.

"तोंडातून," ती म्हणाली.

"आणि बाहेर कुठून येतो?"

"येत नाही. तिथेच राहतो. मेंदूला त्याचा उपयोग होतो."

"मंग माझ्या डोक्यात आख्खा बाजार असंल," तो म्हणाला. "लहानपणापासून खातोय. उपयोग मात्र अजून कुनाला दिसला नाय."

निवेदिताला हसायचं नव्हतं. तरी ती हसली.

त्याचं नाव रूपेश. पनवेलच्या बाजारातून पहाटे मासळी उचलायची आणि चौक, खालापूर, कर्जत असं गावोगाव विकत जायचं, हे त्याचं काम. बी.कॉम. झाल्यावर तीन वर्षं तो गाडीने मुंबईला नोकरीला जात होता. मग कंटाळून त्याने टेंपो घेतला. आजी गोदूबाई डोक्यावर पाटी घेऊन जी गावं फिरायची, तीच गावं आता तो चाकांवर फिरत होता.

निवेदिताला जायचं होतं कर्जतजवळ, कोंडाण्याच्या अलीकडच्या एका गावातल्या शाळेत. तेच रूपेशचं गाव होतं.

"बसा. शाळेच्या दारात सोडतो," तो म्हणाला. "वास येईल पन... आधीच सांगून ठेवतो."

"चालेल," ती म्हणाली.

चाललं नाही. नाक्याच्या पुढे येईपर्यंत तिने श्वास धरून ठेवला होता, आणि रेल्वे फाटकापाशी तिचा चेहरा तक्त्यातल्या माशासारखा निळा पडत चालला होता. रूपेशच्या ते लक्षात आलं. त्याने हात लांबवून तिच्या बाजूची काच खाली केली, मग आपल्याही बाजूची केली. बाहेरचं गार धुकं आत आलं. तो अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होता. शाळा येईपर्यंत तो कुडकुडत होता आणि कुडकुडत नाही असं दाखवत होता... हे तिने पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

निवेदिता आहारतज्ज्ञ होती. कर्जतमधली एक छोटी संस्था आसपासच्या शाळांत मुलांच्या खाण्यापिण्याचं काम करायची. तिथे ती नुकतीच लागली होती. या गावातली मुलं शाळेत येताना कुरकुरीची पाकिटं घेऊन येत आणि घरी गेल्यावर नूडल्स मागत. ज्यांच्या आजोबांनी भाताच्या खाचरात टोपलीने मासे धरले, त्यांची नातवंडं मासा पाहून नाक मुरडत होती. मुलांच्या आणि घरच्यांच्या ताटात मासा परत यावा, आठवड्यातून एकदोनदा तरी, एवढंच काम तिच्याकडे होतं.

ती शिकवायची छान. तक्ता फळ्याला अडकवून ती मुलांना म्हणाली, "तुमचा मेंदू कशाचा बनलाय सांगा बघू."

"हाडांचा."

"रक्ताचा."

"गणिताचा," मागून एक मुलगा म्हणाला.

"त्यातलं पाणी बाजूला काढलं, तर उरलेल्यात निम्म्याहून जास्त असते चरबी. घाबरू नका, चांगली चरबी. समजा, मेंदू म्हणजे एक मोठं घर आहे आणि त्यात विजेच्या तारा आहेत. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत निरोप जातो तो त्या तारांमधून. तारांवर वेष्टन लागतं की नाही? ते आणि बाकीचं घर बांधायला ही चरबी लागते. त्यातली एक खास चरबी माशांत भरपूर असते. बांगड्यात, तारलीत... महागाचा मासा लागत नाही."

"मासा खाल्ला की पहिला नंबर येतो?"

"नाही," निवेदिता म्हणाली. "पहिला नंबर अभ्यासाने येतो. माशाने घर पक्कं होतं. त्यात सामान तुम्हालाच भरावं लागतं."

मुलांना हे पटलं. दाराबाहेर टेंपोला टेकून उभा असलेला रूपेशही ऐकत होता. त्याला बहुतेक सगळंच पटलं होतं.

"आणि जी माणसं मासे खातच नाहीत, त्यांनी जवस खावा, अक्रोड खावा. त्यातून थोडं मिळतं. माशाइतकं नाही, पण मिळतं." हे शेवटचं वाक्य तिने जरा घाईने म्हटलं.

शाळेत मुलांना आणि आयांना माशाचं जेवण द्यायचं ठरलं. बांगड्याचं कालवण, तव्यावर भाजलेले तुकडे, तांदळाची भाकरी. निवेदिताने फोनवरून रूपेशला तारीख सांगितली, किती बांगडे लागतील ते सांगितलं, किती वाजता आणायचे तेही सांगितलं. तो प्रत्येक वाक्याला "हो हो" म्हणाला.

ठरल्या दिवशी कर्जतच्या आचाऱ्याने सांगितलं तेवढं रांधलं, आणि आया आल्या. चांगल्या साड्या नेसून, मुलांची बोटं धरून आल्या आणि पंगतीत बसल्या. कालवणाचा वास वर्गातून पटांगणात गेला, तिथून रस्त्यावर गेला. निवेदिताने नाकाला रुमाल न लावता वाढलं. हे तिच्या दृष्टीने थोडंथोडकं नव्हतं.

आणि कुणी जेवेना.

बायका एकमेकींकडे पाहत होत्या. मुलं आयांकडे पाहत होती. शेवटी एकीने भाकरीचा तुकडा मोडला, कांद्याबरोबर खाल्ला आणि म्हणाली, "भाकरी ब्येस झाली हां ताई." मग सगळ्यांनीच भाकरी आणि कांदा खायला सुरुवात केली. जी ती भाकरीचं कौतुक करत होती. कालवणाला कुणी बोट लावलं नाही.

पंगतीच्या टोकाला गोदूबाई बसली होती. तिला राहवलं नाही.

"पोरी, आज वार कुठला?"

"सोमवार," निवेदिता म्हणाली.

"मंग?" गोदूबाई म्हणाली.

निवेदिताला क्षणभर काहीच कळलं नाही. मग सगळंच कळलं, आणि तिचे कान तापले. सोमवारी या गावात मासा शिजत नाही. गुरुवारी नाही, शनिवारीही बऱ्याच घरांत नाही. हे इथल्या पाच वर्षांच्या मुलालाही माहीत असतं. पण तिच्या घरात कधी मासा शिजलाच नव्हता. जिथे सगळेच वार सारखे, तिथे कुठला वार माशाचा आणि कुठला नाही, हे कोण लक्षात ठेवणार?

तिच्या शेजारी दुसरीतली हर्षला बसली होती. दोन घट्ट वेण्या, पुढचा एक दात पडलेला. ती समोरच्या बांगड्याकडे संशयाने पाहत होती.

"मी सोमवार नसता तरी खाल्ला नसता," ती म्हणाली. "माज्या घशात एकदा काटा अडकला व्हता. आयनं कोरडा भात गिळायला लावला. मंग गेला. ताई, तुमाला कदी काटा लागला?"

"नाही गं."

"एकदा पन नाय?"

"नाही... मी मासे खात नाही. आमच्या घरात खात नाहीत."

हर्षलाने हे ऐकलं, त्याचा नीट विचार केला आणि विचारलं, "मंग आमाला का सांगता?"

प्रश्नात खवचटपणा काहीच नव्हता. म्हणूनच तो निवेदिताला लागला.

कालवण वाया गेलं नाही. शाळेमागच्या डोंगरातल्या वाडीत वार पाळत नाहीत. रूपेशने पातेली टेंपोत घालून तिकडे पोचवली. परत आला तेव्हा निवेदिता व्हरांड्यात एकटी तक्ता गुंडाळत होती.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"सोमवार. तुम्ही इथलेच ना? मी फोनवर तारीख सांगितली, तेव्हा का नाही बोललात?"

रूपेशने पायानेच एक खडा बाजूला सरकवला. "खरं सांगू?"

"सांगा."

"फोनवर तुमी काय काय बोललात ते मला आठवतच नाय. तुमी बोललात... एवढंच आठवतं. बांगडे किती ते पन नंतर मेसेज बघून कळलं. काल रात्री कॅलेंडर बघितलं आनि सोमवार दिसला. तवर भाकरीचं पीठ दळून झालं व्हतं."

यावर रागवायला हवं होतं. ती रागावलीही. पण तो राग नीट उभा राहीना.

"आमच्याकडे सगळे वार सारखेच," ती म्हणाली. "मला तरी कसं कळणार..."

"म्हंजे तुमच्याकडं रोज सोमवार."

"हो," ती म्हणाली. "रोज सोमवार."

रूपेशने मान हलवली. एखादं अवघड गणित घरी नेऊन सोडवायचं असावं, तशी.

संस्थेच्या मोठ्या बाई रागावल्या नाहीत. त्या कधीच रागवत नसत. त्या निर्णय घेत. "अजून एकदा जेवण कर," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी स्वतः येईन. तेव्हाही मुलं जेवली नाहीत, तर इथलं काम थांबवू. नंदुरबारला माणूस हवंच आहे, तू तिकडे जा."

नंदुरबार वाईट नव्हतं. पण निवेदिताला त्या रात्री कोंडाण्याच्या वाटेवरचं धुकं आठवलं, उघड्या काचा आठवल्या, आणि झोप उशिरा लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गोदूबाईच्या दारात उभी राहिली.

"आजी, मला काटे काढायला शिकवा."

गोदूबाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "खायचं नाय, मंग काटं कशाला काढायचं?"

"हर्षलाला भीती वाटते. तिच्या आईला वेळ नसतो. कुणीतरी शिकवायला हवं ना?"

"ये," गोदूबाई म्हणाली. "हात धू."

शिकवणी महिनाभर चालली. आठवड्यातले माशाचे वार असत तेव्हा निवेदिता कामावरून परस्पर तिकडे जायची. गोदूबाई शिजलेला बांगडा ताटलीत आडवा ठेवायची आणि सांगायची, "घाई नाय करायची. माशाच्या अंगावर मधून रेघ असते बघ, डोक्यापासून शेपटीपर्यंत. तिच्यावर बोट ठेव. हलकं दाब... हां. आता वरचं मांस वर उलगड, खालचं खाली. पुस्तक उघडल्यावानी. मधला काटा दिसला? शेपटीकडून धर आनि उचल. आख्खा निघतो."

पहिल्या दिवशी काटा अख्खा निघाला नाही. मासाच अख्खा मोडला. गोदूबाई हसली नाही. दुसरा मासा पुढे केला. "पोटाजवल बारीक काटं राहतात. ते डोळ्यांनी नाय दिसत, बोटांनी बघायचं. मी याला असंच भरवलं," तिने ओट्यावर बसलेल्या रूपेशकडे हनुवटीने दाखवलं. "सात वर्षांचा हुईस्तवर हातानं खाल्ला नाय यानं. आयतोबा."

"आजी!" रूपेश म्हणाला.

"खोटं सांगते काय रं?"

काटे काढता काढता निवेदिताला बाकीचंही कळत गेलं. पूर्वी पावसाळ्यात शेताच्या पाण्यात मासे चढायचे, पोरं टोपल्या घेऊन धावायची. आता ओढ्यात पाणी कमी आणि पिशव्या जास्त. घरातल्या बाया सकाळच्या गाडीने कामाला जातात. संध्याकाळी येऊन माशाची खवलं काढायची कुणी, साफ करायचा कुणी, आणि त्याचा केर टाकायचा कुठे? कोंबडी बरी, कापून मिळते.

"मग मासाही कापून का नाही मिळत?" निवेदिताने विचारलं.

रूपेशने यावर दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी टेंपोत एक लाकडी ओंडका, धारदार कोयता आणि पाण्याचं पिंप आलं. मासा साफ करून, तुकडे करून, मीठ-हळद लावून मिळू लागला. घरी गेलं की तव्यावर टाकायचा. टेंपोभोवती संध्याकाळच्या बायकांची गर्दी होऊ लागली. मुलांचं मात्र अजून काही खरं नव्हतं. मुलं तुकडा दिसला की "काटा" म्हणून ओरडत.

एक गोष्ट निवेदिताच्या लक्षात आली होती. ती शिकायला बसायची तेव्हा रूपेश जेवायला यायचा, पण त्याच्या ताटात वरण-भात असायचा.

"बांगडा नको?" तिने विचारलं.

"पोट बरं नाय," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा वरण-भात. "दाढ दुखते."

"दाढ दुखणारा माणूस पापड खातो?"

"दुसऱ्या बाजूनं खातो," रूपेश म्हणाला, आणि पापड मोडताना उगाच दुसऱ्या बाजूने मोडला. मग म्हणाला, "ती... शाळेत सांगितली व्हती ती जवसाची चटनी. तुमच्या घरी करतात का? थोडी मिळंल?"

निवेदिताने घरून चटणीची बाटली आणून दिली. आठवडाभराने बाटली घासून-पुसून परत आली, रिकामी मात्र नाही. आत मोड आणून सोललेले कडवे वाल होते. हिरवट पांढऱ्या डाळिंब्या, एकीलाही नख लागलेलं नाही.

तिच्या आईने, मालतीबाईंनी, बाटली उजेडात धरून पाहिली. "हे कुणी सोलले?"

"रूपेशने. मासळीचा टेंपो आहे ना, त्याने."

"मासेवाला वाल सोलतो?"

"बहुतेक."

मालतीबाईंनी बाटली पातेल्यात रिकामी केली. त्यांनी उसळ केली, ओलं खोबरं जरा जास्तच घातलं, आणि बाटलीत पुन्हा चटणी भरून ठेवली.

शाळेतल्या जेवणाच्या आदल्या दिवशी त्या कोथिंबीर निवडत होत्या, तेव्हा निवेदिता शेजारी येऊन बसली.

"आई, मी उद्या मासा खाणार आहे."

मालतीबाईंचा हात थांबला नाही. "कुणासाठी?"

"मुलांसाठी. ती विचारतात. मी खात नाही आणि त्यांना खा म्हणते... बरोबर नाही वाटत."

"मुलं किती?"

"शाळेतली सगळी."

"मी एकाच मुलाचं विचारतेय."

निवेदिताने कोथिंबिरीची एक काडी उचलली आणि तिची पानं खुडली. सगळी खुडून झाल्यावर म्हणाली, "मला माहीत नाही."

"बरं," मालतीबाई म्हणाल्या. "माझ्या कढईत नको. बाकी तुझं तोंड तुझं आहे." मग निवडलेली कोथिंबीर पदरात गोळा करून उठताना, पाठमोऱ्याच, म्हणाल्या, "वाल मात्र चांगले सोललेत हो. एकसुद्धा मोडला नव्हता."

या वेळी तारीख गोदूबाईने काढली होती. "बुधवार हाय, संकष्टी नाय, एकादशी नाय, अमुशा नाय. मासा बी येतो आनि मानसं बी." आंब्यांना मोहर आला होता. त्या वासात कालवणाचा वास मिसळला होता, आणि गंमत म्हणजे निवेदिताला आता तो वास नकोसा वाटत नव्हता. कधीपासून, ते तिला सांगता आलं नसतं.

पंगत बसली. मोठ्या बाई कडेला खुर्चीवर बसल्या. बायका जेवू लागल्या, पण मुलं थांबली होती. ती सगळी हर्षलाकडे पाहत होती, कारण काट्याच्या बाबतीत वर्गात तिचा शब्द शेवटचा होता.

निवेदिता तिच्यासमोर मांडी घालून बसली. तिने बांगडा ताटलीत आडवा ठेवला. रेघेवर बोट ठेवलं, हलकेच दाबलं, पुस्तकासारखा उघडला. शेपटीकडून काटा उचलला आणि वर धरला. अख्खा, डोक्यापासून शेपटीपर्यंत, कंगव्यासारखा.

"आआ..." मुलं म्हणाली.

"आता पोटाजवळचे. ते बोटांनी बघायचे." तिने बोटांनी पाहिले, काढले, ताटलीच्या कडेला ठेवले. "घे. आता एकही नाही."

हर्षलाने दोन्ही हात मागे घेतले. "आदी तुमी."

सगळी पंगत निवेदिताकडे बघायला लागली. रूपेश पाण्याचा जग घेऊन फिरत होता, तो तिथेच थांबला. "हर्षला, ताईंना नको सांगू," तो म्हणाला. "त्या नाय खात, त्यांच्या घरी..."

"राहू दे," निवेदिता म्हणाली.

तिने भाकरीचा तुकडा मोडला, त्यात मासा धरला आणि तोंडात घातला. आधी आमसुलाचा आंबटपणा कळला. मग मिरची. मग मऊ, खारट, अनोळखी असं काहीतरी, जे भाकरीबरोबर हळूहळू ओळखीचं झालं. तिने घास नीट चावला. गिळला. सगळी शाळा तिच्या गळ्याकडे पाहत होती.

"लागला?" हर्षलाने विचारलं.

"नाही."

"बघू आ करा."

निवेदिताने आ केला. हर्षलाने आत डोकावून खात्री केली. मग आपली ताटली पुढे ओढली, छोट्या बोटाने माशाच्या अंगावरची रेघ शोधली आणि म्हणाली, "मला नका काडून देऊ. मी काडते."

ती काढायला लागली तशी तिची शेजारीण काढायला लागली, मग पुढची ओळ. काहींचे मासे मोडले, काहींचे काटे मोडले. "माजा आख्खा निघाला!" "दाखव!" असा गलका झाला. काटे ताटल्यांच्या कडेला ओळीने लागले, आणि कुणाचा काटा मोठा यावरून दोन मुलांची भांडणं झाली. मोठ्या बाईंनी खुर्ची सोडली आणि त्या पंगतीतच बसल्या. त्यांना दुसरा तुकडाही वाढावा लागला. नंदुरबारचं नाव पुढे कुणी काढलं नाही. त्या वर्षी मुलांची गणितं पूर्वीइतकीच चुकली, पण शाळेत पाकिटं कमी दिसू लागली आणि बुधवारी टेंपोची वाट पाहिली जाऊ लागली.

पण हे पुढचं. त्या दुपारी हर्षलाने तोंड पुसलं, आणि तिची नजर जग घेतलेल्या रूपेशवर गेली.

"रूपेशदादा, तू कुटं खाल्लास?"

"मी... मंग खाईन. पोट जरा..."

"पोट बी बरं हाय आनि दाढ बी बरी हाय," गोदूबाई पंगतीतून मोठ्याने म्हणाली. "महिना झाला, माशाला हात नाय लावला यानं. इकतो मासा आनि खातो जवसाची चटनी! मी म्हनलं, नवस बोलला काय? तर बोलतच नाय."

बायका हसल्या. एकीने निवेदिताकडे पाहिलं, मग दुसरीने पाहिलं. रूपेशने जग खाली ठेवला आणि तो नळाकडे निघून गेला.

पंगत उठल्यावर निवेदिता मोकळं पातेलं घेऊन नळावर गेली. तिथे आधीच घासलेलं एक पातेलं तो पुन्हा घासत होता.

"का सोडलेत?" तिने विचारलं.

"बघत व्हतो."

"काय?"

"जमतंय का." त्याने पातेल्याच्या तळाशी असलेला नसलेला डाग खरवडला. "तुमी म्हनला व्हतात ना... तुमच्याकडं रोज सोमवार. म्हटलं, उद्या कदी... म्हंजे समजा... कुनाला तुमच्या घरी जेवायला बसायची वेळ आली, तर त्याला जमलं पायजे. उगीच तिथं जाऊन तोंड वाकडं करायचं नाय."

नळाचं पाणी वाहत होतं. दोघांपैकी कुणीही तो बंद केला नाही.

"जमलं?"

"नाय," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पयल्या आठवड्यात सपनात मांदेली यायची. दुसऱ्या आठवड्यात बाजारात उचललेल्या टोपल्यांशी मी बोलाय लागलो. पन... सोडलं नाय. चटनीनं तारलं."

निवेदिता हसू दाबत होती, ते दाबलं गेलं नाही. मग हसू ओसरलं, आणि ती पातेल्याच्या काठावरून बोट फिरवत म्हणाली, "आणि मी महिनाभर तुमच्या आजीकडे काटे काढत बसले होते."

"मुलांसाठी."

"हो. मुलांसाठी." ती थांबली. "आधी मुलांसाठी."

रूपेशने पहिल्यांदाच वर पाहिलं. त्याच्या कपाळावर साबणाचा फेस लागला होता. तिने तो पुसला नाही. पण पुसावासा वाटला, आणि तसं वाटलेलं तिने लपवलंही नाही.

"तुझ्या आई काय म्हनतील?" त्याने विचारलं. 'तुमच्या'चं 'तुझ्या' कधी झालं, ते त्याला कळलं नव्हतं. तिला कळलं होतं.

"कढईत नको म्हणाली."

"मी तवा आनीन."

"आणि म्हणाली, वाल चांगले सोललेत."

रूपेशने हे दोनदा मनात म्हणून पाहिलं असावं. मग त्याने नळ बंद केला. "मंग असं करू," तो म्हणाला. "सोमवार, गुरुवार, शनिवार... तुझ्या आईच्या हातचं. वालाची उसळ, चटनी, काय असंल ते. बाकीचं वार..."

"बाकीचे तुझ्या तव्याचे?"

"काटे तू काढायचे."

"मी का? सात वर्षांचा होईपर्यंत आजीने भरवलं तेवढं पुरे नाही?"

"नाय पुरलं," तो म्हणाला. आणि दोघंही हसली. अशी, की व्हरांड्यातून गोदूबाईने मान उंच करून पाहिलं, आणि लगेच दुसरीकडे वळवली.

वर्गात झाकून ठेवलेला एक बांगडा उरला होता. निवेदिता तो ताटलीत घेऊन आली आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसली. तिने रेघेवर बोट ठेवलं, हलकेच दाबलं. मधला काटा उचलून बाजूला ठेवला, मग पोटाजवळचे बोटांनी बघत बघत काढले. घाई केली नाही. मग ताटली त्याच्यासमोर सरकवली.

रूपेश ताटलीकडे पाहत राहिला. महिनाभराची सवय, हात पुढे होईना.

"आज वार कुठला?" तिने विचारलं.

"बुधवार."

"मग?"

त्याने घास घेतला. काटा एकही नव्हता.